भावाच्या खोलीचे कुलूप

ताई, सप्रेम नमस्कार. माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. अडीच वर्षांपूर्वी त्याने कारखान्यातली नोकरी एकाएकी सोडली, कारण बरोबरची मुले आपल्याविरुद्ध कट करत आहेत असे त्याला वाटू लागले होते. तेव्हापासून तो घराबाहेर पडत नाही. रात्रभर जागतो, भिंतीकडे बघून पुटपुटतो, मध्येच एकटा हसतो, आणि शेजारचे काका आपल्या जेवणात काहीतरी कालवतात असे म्हणून आईच्या हातचेही खात नाही. बाहेरची बाधा समजून आम्ही देवऋषी, अंगारे, उतारे सगळे करून पाहिले. डॉक्टरांचे नाव काढले की तो ‘मला काही झालेले नाही, तुम्हीच जा’ म्हणून ओरडतो. मागच्या महिन्यात एका तरुणाने भर रस्त्यात लोकांवर हल्ला केल्याची बातमी टीव्हीवर दिवसभर चालली आणि तो ‘मनोरुग्ण’ होता असे सांगितले गेले. दुसऱ्याच दिवशी आमच्या आळीतले चार जण बाबांना भेटून गेले. तेव्हापासून बाबा त्याच्या खोलीला बाहेरून कुलूप लावतात. आत्याचे म्हणणे असे की त्याला एका देवस्थानी नेऊन ठेवावे. तिथे अशा माणसांना साखळीने बांधतात आणि वर्षभरात गुण येतो म्हणे. माझा भाऊ खरेच कुणाला मारेल का? तो तयार नसताना उपचार कसे सुरू करायचे? आम्ही महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो आणि खासगी डॉक्टरांचा खर्च आम्हाला झेपणारा नाही.
— एक बहीण

प्रिय ताई,

तुमचे पत्र मी दोनदा वाचले, आणि दोन्ही वेळा तुमच्या प्रश्नांच्या आधी तुम्ही ओघात लिहून गेलेल्या एका वाक्याशी अडखळले: बाबा खोलीला बाहेरून कुलूप लावतात. म्हणून तुमच्या प्रश्नांकडे वळण्यापूर्वी त्या कुलपाविषयी आणि आत्याबाईंच्या साखळीविषयी लिहिते.

६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूतील रामनाथपुरम जिल्ह्यात, एरवाडी या गावी, मानसिक आजार असलेल्या माणसांना ठेवून घेणाऱ्या एका खासगी निवासाला आग लागली. एरवाडीला एक जुना दर्गा आहे. तिथे काही काळ राहिले की मनाचे दुखणे जाते या श्रद्धेने लोक आपल्या आजारी माणसांना तिथे आणत, आणि घरच्यांना कायम तिथे राहणे शक्य नसल्यामुळे त्यांना सांभाळणारी अशी निवासस्थाने आजूबाजूला उभी राहिली होती. आग लागली तेव्हा आतली बहुतेक माणसे साखळ्यांनी बांधलेली होती. २८ जण गेले. त्यांना तिथे ठेवून परतलेले आईवडील आणि भाऊबहिणी निर्दय होत्या असे मला कधीच वाटले नाही. ती तुमच्या बाबांसारखीच थकलेली, धास्तावलेली आणि दुसरा रस्ता कुणी न दाखवलेली माणसे होती. सर्वोच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि तशी निवासस्थाने बंद करण्यात आली, पण ज्या विचारातून ती उभी राहिली तो विचार अजून पुष्कळ घरांत आहे. तुमच्या आत्याने सुचवले ते नेमके तेच आहे.

आत्याबाईंशी श्रद्धेवरून वाद घालू नका. त्या वादात तुमचे सहा महिने जातील आणि भाऊ आहे तिथेच राहील. त्यांना म्हणा, दर्शनाला आपण सगळे मिळून जाऊ, नवस बोलायचा असेल तर बोलू, मात्र तो रात्री आपल्या घरी झोपेल, त्याच्या अंगाला साखळी लागणार नाही आणि सुरू झालेल्या गोळ्या कुणी थांबवणार नाही. हे मी नुसते समजुतीसाठी सांगत नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात तिथल्या मुजावरांनाच बरोबर घेऊन मानसोपचाराचा दवाखाना चालवण्यात आला आणि त्या कामाला ‘दवा आणि दुआ’ असेच म्हटले गेले. प्रार्थना करायची म्हणून गोळी सोडलीच पाहिजे असे काही नाही.

आता कुलूप. रात्री खोलीत वायर जळली, भावाला फिट आली, किंवा त्याने स्वतःला काही करून घेतले, तर किल्ली हुडकण्यात जाणारी दोन मिनिटे फार मोठी असतात. आणखी एक गोष्ट घरच्यांच्या सहसा ध्यानात येत नाही. आपल्याविरुद्ध सगळे एक झाले आहेत अशी ज्याची पक्की समजूत आहे, त्याला बाहेरून कडी लागल्याचा आवाज काय सांगत असेल? आजवर त्याच्याकडे संशय होता, आता पुरावा आला. मी मनोरुग्णांच्या कुटुंबांबरोबर समाजसेविका म्हणून बावीस वर्षे काम करते आहे. अशाच एका घरी गेले होते, तेव्हा कुलपाची किल्ली आईच्या पदराला गाठ मारून बांधलेली होती आणि माझ्याशी बोलताना त्या सारखी ती गाठ चाचपत होत्या. आतला मुलगा दाराकडे तोंड करून, पाठ भिंतीला घट्ट टेकवून बसला होता. मला म्हणाला, ‘आईला त्यांनी फितवले आहे, नाहीतर ती मला कोंडेल का?’ त्याचा हिशेब त्याच्या बाजूने अगदी चोख होता.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ९५ ने मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधण्यास मनाई केली आहे आणि कलम ९७ ने तिला एकांतात कोंडून ठेवण्यास. रुग्णालयातसुद्धा, तातडीचा धोका टाळण्याचा दुसरा कोणताच मार्ग उरला नसेल तेव्हाच, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि देखरेखीखाली, लागेल तेवढाच वेळ रुग्णाला जखडता येते. बाबांना हे कलम म्हणून ऐकवू नका, ते आधीच मनातून खचलेले असतील. त्यांना पर्याय द्या: काही दिवस घरातल्या मोठ्यांनी पाळीपाळीने रात्री जागायचे, विळी-कोयता, कीटकनाशक, रॉकेल आणि घरातल्या इतरांच्या गोळ्या त्याच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवायच्या, आणि त्याला आतून अडकवून घेता येईल अशी खोलीची आतली कडी काढून टाकायची. यात कष्ट आहेत, हे मला ठाऊक आहे. पण ते थोड्या दिवसांचे आहेत, कुलपाला मात्र अशी मुदत नसते.

तो कुणाला मारेल का, या प्रश्नाला तुम्ही खरे उत्तर मागितले आहे. अशा आजाराची बहुसंख्य माणसे आयुष्यात कुणावर हात उगारत नाहीत. उलट मार, फसवणूक आणि टवाळी त्यांच्याच वाट्याला अधिक येते. टीव्हीवरच्या ज्या प्रसंगाचा तुम्ही उल्लेख केला आहे, त्यातल्या तरुणाला कोणता आजार होता हे तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगायचे असते. निवेदकाने पहिल्या तासात उच्चारलेला ‘मनोरुग्ण’ हा शब्द म्हणजे निदान नव्हे. त्या शब्दामुळे हल्ल्यात सापडलेल्यांचे दुःख हलके होत नाही, आणि देशभरातल्या हजारो घरांमध्ये मात्र त्याच संध्याकाळी शेजारी दार ठोठावतात, जसे तुमच्याकडे आले.

तरीही ‘काही काळजी करू नका’ एवढे म्हणून मी तुमची बोळवण करणार नाही. उपचार न झालेल्या तीव्र आजारात हिंसेचा धोका थोडा वाढतो, हे खरे आहे, आणि तो काही ठरावीक परिस्थितीत वाढतो: कानातले आवाज ‘अमुक कर’ असा हुकूम देऊ लागले, संशय सगळ्या जगाऐवजी एकाच माणसावर येऊन स्थिरावला, दारू किंवा गांजाची भर पडली, पूर्वी मारहाण झालेली असली, किंवा बचावासाठी म्हणून उशाखाली काही ठेवले जाऊ लागले. यातली दुसरी गोष्ट तुमच्या पत्रात आहे. शेजारच्या काकांवरचा त्याचा संशय हलक्यात घेऊ नका. त्यांना विश्वासात घेऊन सांगा की काही दिवस त्याच्यासमोर येऊ नका, त्याला समजावायला तर मुळीच जाऊ नका. आणि एका गोष्टीची विचारपूस घरात बहुधा कुणी केलेली नसेल, ती तुम्ही करा: जगण्यात काही अर्थ नाही असे त्याला वाटते का? असे विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात येत नाही. या आजारात इतरांच्या जिवापेक्षा रुग्णाच्या स्वतःच्या जिवाला असलेला धोका कितीतरी मोठा असतो, आणि आळीतल्या चौघांपैकी त्याबद्दल कुणीही बोललेले नसणार.

अडीच वर्षे हा तुमच्या पत्रातला मला सर्वांत जास्त टोचणारा आकडा आहे. मी तो तुम्हाला दोष देण्यासाठी सांगत नाही. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये बेंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या नेतृत्वाखाली १२ राज्यांत झाले, आणि भास-भ्रमांच्या गंभीर आजारांत साधारण चारपैकी तीन जण उपचाराविना आहेत असे त्यात दिसून आले. म्हणजे तुमचे घर अपवाद नाही; अपवाद आहेत ती वेळेवर डॉक्टरांपर्यंत पोहोचलेली घरे. पण हा काळ जेवढा लांबतो तेवढे नंतरचे सावरणे अवघड होत जाते, हे या विषयात पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. शिवाय या रिकाम्या काळातच नोकरी जाते, मित्र तुटतात, झोप उडते, संशय घट्ट होतो, आणि मग एखाद्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येण्यासारखे काहीतरी घडते. एरवाडीची आग पहाटे लागली, पण तिथल्या माणसांपर्यंत डॉक्टर पोहोचले नव्हते ते कित्येक वर्षांपासून.

तुम्ही लिहिलेली लक्षणे स्किझोफ्रेनियासारख्या आजाराकडे बोट दाखवतात. मी ‘सारख्या’ म्हणते, कारण पत्रावरून निदान करणे मला शोभणार नाही आणि कुणालाच शोभू नये. तीव्र नैराश्य, द्विध्रुवीय आजार, गांजा, अगदी मेंदूचा किंवा थायरॉइडचा एखादा विकारही अशा रूपात समोर येऊ शकतो, आणि ते तपासूनच कळते. स्किझोफ्रेनिया जगात साधारण दर ३०० माणसांमागे एकाला असतो आणि बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो, म्हणूनच नोकरी, परीक्षा किंवा प्रेमभंग यांच्या माथी त्याचे खापर फुटते. कुणी ‘लग्न करून टाका, सुधारेल’ म्हणाले असेल, नसेल तर लवकरच म्हणेल. तो सल्ला मुळीच मानू नका. एका परक्या मुलीचे आयुष्य हे औषध होऊ शकत नाही.

आता तुमचा सगळ्यांत कठीण प्रश्न. ‘मला काही झालेले नाही’ असे तो म्हणतो, तो त्याचा हट्ट आहे असे घरच्यांना वाटते. या आजाराचा एक भाग असा असतो की आपण आजारी आहोत ही जाणीवच तो पुसून टाकतो. तुटलेला पाय दिसतो, दुखतो. इथे मात्र ज्या मेंदूने दुखणे ओळखायचे त्यालाच दुखणे झालेले असते. म्हणून ‘तुला भास होतात, काका असे काही करत नाहीत’ या वाक्याने संभाषण संपते. त्याऐवजी त्याला स्वतःला जाचते आहे ते हुडका. बहुतेकांना झोप न लागण्याचा त्रास होतो, भीती वाटते, डोके जड होते, आणि ते त्यांना मान्यही असते. ‘किती रात्री झाल्या तुला झोप नाही, मला बघवत नाही, झोपेसाठी तरी एकदा दाखवून येऊ, मी बरोबर बसेन,’ असे म्हणता येते, आणि त्यात खोटे काही नाही. आवाज खरे आहेत असे म्हणू नका, खोटे आहेत असेही म्हणू नका. ‘मला ऐकू येत नाहीत, पण तुला येतात आणि त्याने तू घाबरतोस, हे मला दिसते,’ इतके पुरे. हे बोलणे त्याचा ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास आहे त्या एकाच माणसाने करावे. पत्रावरून वाटते की ते माणूस तुम्ही आहात.

दोन गोष्टी मात्र कराव्याशा वाटल्या तरी करू नका. मामाकडे जाऊ म्हणून गाडीत बसवून रुग्णालयाच्या दारात उतरवणे, ही पहिली. दुसरी म्हणजे चहातून किंवा आमटीतून गुपचूप गोळी देणे. जेवणात काहीतरी कालवले जाते असा ज्याचा संशय आहे, त्याच्या जेवणात खरेच काहीतरी कालवायचे, आणि एक दिवस ते त्याला कळायचे! त्यानंतर त्याने कुणाच्या हातचे खावे? शिवाय डॉक्टरांना मात्रेचा अंदाज येत नाही आणि त्रास झाला तर तो कशाने झाला हे कळत नाही.

तो येत नसेल तर पहिल्या भेटीला तुम्ही एकट्या जा. ही वाट मला फार उशिरा कळली, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. कामाच्या सुरुवातीच्या वर्षांत एका वडिलांना मी ‘त्याला घेऊन या, मग बघू’ असे सांगून परत पाठवले होते. कसे घेऊन यायचे हे मी सांगितले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही. ते आठ महिन्यांनी आले, तेव्हा मुलाच्या दोन्ही मनगटांवर दोरीचे व्रण होते. तेव्हापासून मी कुणालाही रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. डॉक्टर रुग्णाला न तपासता औषध लिहून देणार नाहीत, आणि तसा आग्रहही धरू नका. पण कसे बोलायचे, केव्हा आणायचे, धोका किती आहे, घरी येऊन कुणी बघू शकेल का, हे सारे त्या भेटीत ठरू शकते. जाताना एक साधी वही न्या. तिच्यात निष्कर्ष लिहू नका, पाहिलेले लिहा: ‘विचित्र वागतो’ ऐवजी ‘मंगळवारी रात्री दोन ते पाच अंगणात उभा होता, कान झाकून घेत होता, दोन दिवस फक्त सोललेली केळी खाल्ली.’ नोकरी सोडल्याचा महिना, घराण्यात कुणाला असे झाले होते का, आजवर घेतलेली औषधे, व्यसन, डोक्याला मार लागला असल्यास तोही लिहा. अर्ध्या पानाची अशी नोंद गर्दीच्या ओपीडीत तासाभराच्या बोलण्याचे काम करते.

कुठे जायचे? जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली तुमच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची ओपीडी असते. केसपेपर काढतानाच तिचे वार आणि वेळ विचारून घ्या, आणि तालुक्याच्या ठिकाणी ते पथक कोणत्या दिवशी येते हेही विचारा, कारण पुष्कळदा ते येते आणि कुणाला पत्ता नसतो. निघण्याआधी १४४१६ या क्रमांकावर फोन करा. मानसिक आरोग्याविषयी फोनवरून सल्ला देणारी ही केंद्र सरकारची टेलिमानस सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास चालते, तिला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. हा फोन भावाने करावा अशी अट नाही. तुम्ही बहीण म्हणून करू शकता, आज रात्रीसुद्धा. भरती करण्याची वेळ आलीच तर महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. त्यांचे नाव काढताच घरात ‘शॉक देतील’ अशी भीती उठेल, म्हणून आईला आधीच सांगून ठेवा की भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय विजेचा उपचार करण्यास कायद्यानेच बंदी आहे, आणि पुष्कळ रुग्णांना त्याची गरजही पडत नाही.

खर्चाबद्दल. याच कायद्याच्या कलम १८ ने शासकीय मानसिक आरोग्य सेवा मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला त्या मोफत मिळायला हव्यात, आणि आवश्यक औषधांच्या यादीतील मानसोपचाराची औषधे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळायला हवीत. ‘हवीत’ हे क्रियापद मी जाणूनबुजून वापरते आहे. खिडकीवर ‘साठा संपला’ हे उत्तर मी कितीदा ऐकले आहे याची गणती नाही, आणि ते ऐकून चाळीस किलोमीटरवरून आलेली माणसे गोळ्यांविना परत जाताना पाहिली आहेत. यात कुटुंबाचा काहीही दोष नसतो, आणि पुढे रुग्ण बिघडला की दोष मात्र कुटुंबावरच येतो. याची मला चीड आहे. असे झाले तर डॉक्टरांकडून पर्यायी औषध लिहून घ्या, वैद्यकीय अधीक्षकांना लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा; या कायद्याखालील हक्कांसाठी तिथे मोफत मदत मिळते. गोळ्या शेवटच्या पानावर येण्याची वाट न पाहता आठवडाभर आधी फेरी करा.

सगळे प्रयत्न करूनही तो आला नाही, आणि त्याचे खाणे तुटले, तो धमकावू लागला किंवा स्वतःला इजा करू लागला, तर काय? कायद्यात यासाठी वाट आहे, आणि ती बहुतेक कुटुंबांना माहीत नसते. जीव जाण्याचा किंवा गंभीर इजेचा धोका तातडीचा असेल तर कोणताही नोंदणीकृत डॉक्टर कलम ९४ खाली तातडीचे उपचार देऊ शकतो, रुग्णालयापर्यंत नेणेही त्यात येते, आणि अशी मुभा साधारण ७२ तासांपुरती असते. त्यापुढे कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या, म्हणजे रुग्णाने आपल्या वतीने नेमलेल्या माणसाच्या, अर्जावरून भरती करता येते. भावाने कुणाचे नाव आधी दिलेले नसेल तर नातेवाईक ही भूमिका घेऊ शकतो. मात्र दोन तज्ज्ञांनी, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, त्याला स्वतंत्रपणे तपासून तशी गरज असल्याचे सांगावे लागते. ही भरती जास्तीत जास्त ३० दिवसांची असते, तिची खबर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला, म्हणजे अशा भरतीची तपासणी करणाऱ्या मंडळाला, द्यावी लागते, आणि भाऊ स्वतः त्या मंडळाकडे दाद मागू शकतो. हा शेवटचा हक्क त्याला तुम्हीच समजावून सांगा. ज्याला आपल्याविरुद्ध कट वाटतो, त्याला दाद मागायची जागा आहे हे बहिणीच्या तोंडून कळणे फार मोलाचे असते. तशी वेळ आली तर १०८ ला किंवा ११२ ला फोन करताना ‘मानसिक आजार आहे, हत्यार नाही, तो घाबरलेला आहे’ असे स्पष्ट सांगा, आणि हत्यार असेल तर तेही लपवू नका.

आळीतल्या चौघांना बाबांनी एकट्याने तोंड देऊ नये. तुम्ही दोघे मिळून त्यांच्याकडे जा आणि अमुक तारखेला आम्ही जिल्हा रुग्णालयात जात आहोत एवढे सांगा. लोक आजाराला जितके घाबरतात, त्याहून ‘हे काहीच करत नाहीत’ या समजुतीला अधिक घाबरतात. त्यांच्यातल्याच एकाकडे रात्री गाडी लागली तर याल का, असे विचारा. मी पाहिले आहे की तक्रार घेऊन आलेला माणूस काम मिळाले की पुष्कळदा बदलतो.

उपचार सुरू झाले की पहिल्या आठवड्यात झोप आणि चिडचिड सुधारते, आवाज आणि संशय ओसरायला मात्र काही आठवडे लागतात. मधल्या दिवसांत गुंगी, हात थरथरणे, लाळ येणे, वजन वाढणे असे काही दिसले तर गोळ्या परस्पर बंद करू नका; मात्रा किंवा औषध बदलता येते, रोज गोळी घेणे जमत नसेल तर महिन्यातून एकदा द्यायची इंजेक्शनेही आहेत. आणि ‘आता बरा झाला’ म्हणून औषध सोडण्याचा मोह सर्वांत मोठा असेल तो नेमका तो खरेच बरा दिसू लागेल तेव्हा. या वाटेवरच्या मराठी मंडळींनी रुग्ण आणि त्याला सांभाळणारा यांच्यासाठी ‘शुभार्थी’ आणि ‘शुभंकर’ हे शब्द रुजवले आहेत. पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थांमध्ये शुभंकरांचे स्वमदत गट चालतात. आईला एकदा अशा गटात बसवा. दुसऱ्या घरच्या आईने ‘आमचाही असाच करायचा’ म्हटलेले ऐकणे, हे त्यांना माझ्या पत्रापेक्षा जास्त धीर देईल.

शेवटी पुन्हा त्या कुलपाकडे येते, कारण ते कसे निघते यालाही अर्थ आहे. ते आईने चोरून काढू नये आणि तुम्हीही काढू नका. बाबांनी लावले आहे, त्यांनीच दिवसाउजेडी काढावे. दार उघडल्यावर उपदेश नको, अटी नकोत, डॉक्टरांचा विषय तर त्या क्षणी नकोच. उंबऱ्यात उभे राहून त्यांनी त्याला एवढेच सांगावे: ‘मी घाबरलो होतो, म्हणून लावले होते.’